शह आणि चेक

बँकेच्या खिडकीतून सरकवला जाणारा कागद चेक, सदऱ्यावरचे चौकडे चेक्स, सामानाची झडती म्हणजे चेकिंग आणि हमरस्त्यावरचा अडसर म्हणजे चेकनाका. एकाच उच्चाराखाली इतके असंबद्ध भासणारे अर्थ नांदताना पाहिले म्हणजे हा निव्वळ ध्वनिसाम्याचा योगायोग असावा, असा तर्क कोणीही करील. वस्तुतः हे सारे एकाच कुळातले असून त्या कुळाचा मूळपुरुष बुद्धिबळाच्या पटावरचा राजा आहे.

भारतातले चतुरंग इराणात चतरंग झाले, अरबांच्या मुखी शतरंज झाले, आणि प्रतिपक्षाच्या राजावर मारा होताच 'शाह' असा उच्चार करून त्याला सावध करण्याची इराणी रीत खेळाबरोबरच पश्चिमेकडे निघाली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्या उच्चाराचे 'स्काकुस' झाले, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' आणि अखेरीस इंग्रजीत 'चेक'. 'शाह' हे प्राचीन इराणी राजवाचक शब्दाचे झिजलेले रूप असून आपले 'क्षत्र' त्याच धातुकुळातले; ज्याच्या जावयाचे शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आहेत, त्या नहपानाची 'क्षत्रप' ही पदवीही तिथलीच.

या प्रवासातला सर्वांत अर्थगर्भ मुक्काम म्हणजे बाराव्या शतकातली इंग्लंडच्या राजाची हिशेबकचेरी. सुमारे दहा फूट लांब व पाच फूट रुंद अशा मेजावर रेघा आखलेले काळे कापड अंथरावयाचे, पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड असे स्तंभ कल्पून त्यांवर सोंगट्या मांडावयाच्या, आणि परगण्याची वसुली घेऊन आलेल्या शेरीफाला, तो निरक्षर असला तरी, आपली जमा किती व बाकी किती हे उघड्या डोळ्यांनी दिसावे, अशी ती व्यवस्था होती. पटाशी असलेल्या सादृश्यामुळे त्या कचेरीला 'एक्स्चेकर' हे नाव पडले व ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते आजही आहे. तिथला खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने दुसऱ्या हेन्रीच्या अमदानीत या कारभारावर लॅटिनमध्ये संवादरूप ग्रंथ लिहिला, त्यात नावाची उपपत्ती सांगताना तो केवळ कापडाच्या आकृतीवर थांबत नाही: पटावर जसे दोन राजांचे युद्ध चालते, तसे इथे खजिनदार आणि हिशेब रुजू करणारा शेरीफ यांच्यात चालते, असे तो म्हणतो.

बँकेच्या चेकचा उगम तुलनेने अर्वाचीन. अठराव्या शतकात खोट्या हुंड्यांना आळा बसावा म्हणून राखून ठेवलेल्या स्थळप्रतीला हे नाव होते, तेथून ते मूळ कागदावर सरकले, आणि 'एक्स्चेकर'च्या वळणाने इंग्रजांनी त्याचे हिज्जे बदलले. अमेरिकनांनी जुनेच ठेवले.

परंतु माझ्या मते या शब्दाला त्याचे उचित स्थान राज्यशास्त्राने दिले. १७८८ मध्ये अमेरिकेच्या नव्या संविधानाचे समर्थन करताना जेम्स मॅडिसनने सत्तेच्या एका शाखेवर दुसरीचा निर्बंध असावा असे प्रतिपादन केले, तेव्हा त्या निर्बंधाला 'चेक' याहून समर्पक नाव सापडणे कठीण होते. कारण पटावरचा राजा कधीच मारला जात नाही. मात्र शह मिळताच इतर सर्व मनसुबे बाजूला ठेवून त्याला त्या शहाचे उत्तर द्यावेच लागते, दुसरी कोणतीही चाल नियमबाह्य ठरते. मेजासमोर बसलेला शेरीफ आणि न्यायालयासमोर उभे असलेले सरकार यांची स्थिती नेमकी हीच: संहार नव्हे, तर जाब देण्याची सक्ती.

मराठीला हा शब्द इंग्रजीतून 'चेक' येण्याच्या कितीतरी आधी, दरबारी फारसीतून, 'शह' या रूपाने लाभला होता. दुर्दैवाने शह-काटशह म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे डावपेच, एवढाच अर्थ आपल्या राजकीय भाषेत उरला, आणि सत्तेला उत्तर देण्यास बांधणाऱ्या नियमासाठी आपण अंकुश किंवा वचक म्हणू लागलो. त्यातला एक हत्तीच्या मस्तकावर टोचला जातो आणि दुसरा भयावर चालतो, पण नियमाने बांधलेल्या उत्तराची अपेक्षा दोहोंतही नाही.