झाडाला विचारून

आमच्या घरात नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी. माझ्या माहेरचं मिरजेजवळ बेडगच्या बाजूला थोडं रान आहे, त्याच्या बांधावर सुरू आहेत. नाताळच्या आधीच्या रविवारी उपासना आटोपली की मुलं, सुना, नातवंडं सगळे टेम्पोत बसून तिकडे जातो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे पोचायला हमखास उशीर, आणि भाकरी-पिठलं गार.

सुरू पाइनच्या कुळातला नाहीच. सुया वाटतात त्या हिरव्या काड्या. खरी पानं काड्यांच्या पेरांवर, नीट पाहिल्याशिवाय दिसत नाहीत इतकी बारीक. पण दिवे लावले की शोभतो, आणि मिरजेच्या उन्हाला देवदार कुठला मिळायला!

फांदी तोडतात आमचे वाटेकरी मामा. कोयता लावायच्या आधी ते बुंध्याला हात लावून नमस्कार करतात. त्यांच्या घरची रीत. एकदा त्यांचं बघून धाकट्या नातवानंही हात जोडले आणि माझे थोरले दीर भडकले. "पहिली आज्ञा विसरलात काय रे? झाडाला नमस्कार?" घरी आल्यावर त्यांनी यिर्मयाचा दहावा अध्याय काढला. रानातलं झाड तोडायचं, सोन्यारुप्यानं मढवायचं, हलू नये म्हणून खिळे ठोकायचे, असा व्यर्थ रिवाज तिथं सांगितलाय. म्हणजे नमस्कार तर सोडाच, झाड आणणंच चूक.

मी म्हटलं, भाऊजी, तो अध्याय लाकडाच्या कोरीव मूर्तींवर आहे, आणि यिर्मया ख्रिस्तजन्माच्या सहाशे वर्षं आधीचा. ते गप्प बसले, पण इतिहास त्यांच्याच बाजूचा होता. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांनी १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. १८९४ साली मिरजेत दवाखाना उभारणारे डॉ. वानलेस प्रेस्बिटेरियन मिशनचे. त्याच पंथाच्या स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सुट्टी मिळायला १९५८ उजाडलं. तेव्हा झाडाबद्दल भांडायची माझी फारशी तयारी नाही. नसलं तरी नाताळ होतो.

नमस्काराबद्दल मात्र मी भांडेन.

माझी नोकरी ऑपरेशन थिएटरात झाली. कातडीला सुरी लागण्याआधी पेशंटची संमती घ्यायची, सही नसेल तर अंगठा. आपण पेशंटला देव मानतो म्हणून नव्हे, तर ते शरीर आपलं नाही म्हणून. मामांचा हात बुंध्याला लागतो तो मला तसाच दिसतो. पूजा म्हणजे मागणं आणि शरण जाणं. मामा झाडाकडे काही मागत नाहीत. घेतोय ते आपलं नव्हे, एवढंच कबूल करतात.

शास्त्रातही याला जागा आहे. अनुवादाच्या विसाव्या अध्यायात वेढा घातलेल्या शहराची फळझाडं तोडू नका म्हटलंय. झाड काय माणूस आहे, त्याच्याशी कसली लढाई? उत्पत्तीत माणसाला बागेत ठेवलं ते मशागत आणि राखण करायला. राखणदारानं फांदी घ्यायला हरकत नाही, पण धन्याची आठवण ठेवून घ्यावी. नातवाला मी सांगितलं, हात जोड आणि उपकार मान देवाचे, झाडाला हात लावूनच. दीरांना हे अजून पटलेलं नाही. त्यांच्याकडे आता प्लास्टिकचं झाड असतं. त्यात कुणाला मूर्तिपूजा दिसत नाही, याचं मला नवल वाटतं.

आम्ही फांदीच घेतो, शेंडा नाही. शहरातलं झाड असेल तर १९७५ च्या कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी काढावी लागते, तीही काढा. आणि कोयता मुलाच्या हाती देण्याआधी त्याला एकदा बुंध्याला हात लावायला सांगा.