दुसरा गाल कोणी पुढे करावा?

शास्त्रपाठ : मत्तय ५:३८-४२



डोंगरावरील प्रवचनातील हा भाग आपल्या मंडळ्यांत वारंवार वाचला जातो. परंतु तो बहुतकरून कोणास वाचून दाखविला जातो, याचा विचार मनात आला म्हणजे आम्ही अस्वस्थ होतो. ज्याने चापट मारली त्यास नव्हे, तर ज्याच्या गालावर वळ उठले आहेत त्यासच तो ऐकविण्यात येतो. पाणवठ्यावर किंवा चहाच्या हॉटेलात अपमान होऊन आलेल्या भावास, प्रभूने सोसले, तूही सोस, असे आम्हीही सांगितले आहे. आणि तसे सांगून निश्चिंत मनाने घरी जेवावयास गेलो आहो. म्हणून अमेरिकेतील एका खेळाडूचे चरित्र आज आपणांपुढे ठेवीत आहो. त्यांस हेच वचन सांगण्यात आले व त्यांनी ते पाळले. मात्र ते कशासाठी व किती काळ पाळले, हे नीट पाहिले पाहिजे.

जॅकी रॉबिन्सन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया प्रांतात, दुसऱ्याच्या शेतात वाट्याने राबणाऱ्या एका काळ्या कुटुंबात झाला. बाप घर सोडून गेला. आई मॅली हिने १९२० साली पाच लेकरांस घेऊन कॅलिफोर्नियातील पासाडेना शहर गाठले आणि लोकांच्या घरची कामे करून त्यांस वाढविले. तेथे हा मुलगा वाईट संगतीत वाहवत चालला असता कार्ल डाउन्स या तरुण मेथडिस्ट पाळकांनी त्याचा हात धरिला. त्यांच्या आग्रहावरून रॉबिन्सन शब्बाथ शाळेत शिकवू लागले. आदल्या दिवशी फुटबॉल खेळून अंग ठेचून निघालेले असे, तरी रविवारी सकाळी ते वर्गावर हजर असत. (आमच्या तरुण शिक्षकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.)

१९४४ साली ते सैन्यात अधिकारी होते. टेक्सासातील छावणीच्या बसमध्ये, मागे जाऊन बस, असे चालकाने फर्माविले; त्यांनी साफ नाकारिले. त्यावरून लष्करी न्यायालयात खटला होऊन ते निर्दोष सुटले. तात्पर्य, हा मनुष्य भित्रा नव्हता.

बेसबॉल हा आपल्या क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. अमेरिकेत त्याचे वेड फार. तथापि तेथील मोठ्या संघांची दारे सुमारे ६० वर्षे काळ्या खेळाडूंस बंद होती. लेखी नियम नव्हता. आपल्या गावच्या विहिरीवर तरी पाटी कोठे होती?

ब्रुकलिनच्या संघाचे अध्यक्ष ब्रँच रिकी हेही मेथडिस्ट, रविवारच्या सामन्यास न जाणारे. त्यांनी २८ ऑगस्ट १९४५ रोजी रॉबिन्सन यांस भेटीस बोलाविले. उद्धट हॉटेलवाला, शिवीगाळ करणारा प्रतिस्पर्धी, अशी सोंगे रिकींनी आपल्या कचेरीतच वठविली. मग पापिनी या इटालियन लेखकाच्या ख्रिस्तचरित्रातून दुसऱ्या गालाविषयीचा भाग त्यांनी वाचून दाखविला. उलट लढावयास भिणारा खेळाडू आपणांस पाहिजे काय, असे रॉबिन्सन यांनी विचारिले. न लढण्याइतके धैर्य ज्याचे अंगी आहे असा पाहिजे, अशा आशयाचे उत्तर आले. रिकींस सामने जिंकावयाचे होते व तिकिटेही खपवावयाची होती, हे लपविण्याचे कारण नाही. पण रॉबिन्सन यांनी एकदा हात उगारला असता तर मागून येणाऱ्या सर्वांसाठी दार पुन्हा लागले असते, हेही तितकेच खरे. त्यांनी शब्द दिला.

१५ एप्रिल १९४७ रोजी ते प्रथम ब्रुकलिनकडून मैदानात उतरले. आठवडाभराने फिलाडेल्फियाचा संघ आला. त्याचे व्यवस्थापक बेन चॅपमन व त्यांचे खेळाडू यांनी त्यांच्या वर्णावरून जी घाण ओकली, ती या पत्रात छापण्याजोगी नाही. सर्व सोडून द्यावे व त्यांतील एकाचे तोंड फोडावे असे त्या दिवशी वाटले, हे रॉबिन्सन यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. ते गप्प राहिले. तेव्हा त्यांच्याच संघातील एडी स्टँकी उठला. रॉबिन्सन यांच्या येण्याने आरंभी हा गोरा गडी मुळीच खूष नव्हता. तो त्या लोकांवर ओरडला की, भ्याडांनो, जो उलट बोलू शकतो अशा कोणावर तरी भुंका!

बंधूंनो, येथे थोडे थांबू. प्रभूने ही आज्ञा दिली ती ज्याच्या त्याच्या स्वतःच्या गालाविषयी. शेजाऱ्याचा गाल पुढे करण्याचा अधिकार त्याने कोणासही दिलेला नाही, पाळकासही नाही. रॉबिन्सन यांनी जिभेस लगाम घातला होता. स्टँकीच्या जिभेस कोणी घातला नव्हता, आणि तिचा त्याने उपयोग केला. गावात एखाद्या भावाचा अपमान होतो त्या वेळी जवळ उभे असणारे आपण कोणत्या शब्दाने बांधलेले असतो?

आणि त्या मौनास मुदत होती. १९४९ साली रिकींनी त्यांस वचनातून मोकळे केले. त्याच वर्षी शेकडा ३४.२ या सरासरीने फलंदाजी करून ते आपल्या लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरले. परंतु ते वाद घालू लागताच कालपर्यंत त्यांच्या नम्रतेची स्तुती करणाऱ्या पुष्कळांस ते गर्विष्ठ वाटू लागले. मुकाट सोसणारा मनुष्य जगास फार आवडतो; मंडळीसही आवडतो, असे लिहिताना आम्हांस लाज वाटते. दरम्यान १९४८ साली डाउन्स पाळकांचे टेक्सासात निधन झाले. शस्त्रक्रियेनंतर त्यांस काळ्या लोकांसाठी राखलेल्या वेगळ्या विभागात हलविण्यात आले होते. योग्य शुश्रूषा मिळती तर ते वाचते, असे रॉबिन्सन यांस शेवटपर्यंत वाटत राहिले.

खेळ सोडल्यावर त्यांनी आपल्या लोकांच्या हक्कांसाठी निधी जमविले व सभा गाजविल्या. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथील सामन्यात, त्यांच्या पदार्पणास २५ वर्षे झाली म्हणून त्यांचा सत्कार झाला. मधुमेहाने दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी आभार मानिले. आणि त्याच सभेत म्हणाले की, एखाद्या संघाचा व्यवस्थापक म्हणून काळा मनुष्य उभा दिसेल त्या दिवशी आपणांस याहून अधिक आनंद होईल. नऊ दिवसांनी ते वारले. तसा पहिला व्यवस्थापक, फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलँडच्या संघाने १९७५ साली मैदानात उतरविला.