जवारीपाशी

पहाटे बसा. तासगावात बेदाण्याच्या शेडकडे निघणारे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत. पाठ ताठ, खांदे सैल. समोर मिरजेत घडलेले दोन तंबोरे, यातला एक निवडायचा आहे. दोन्ही काळी एकच्या सुरात मिळवलेले. सूर एकच हवा, छेडही तितकीच हलकी हवी. मोठा आवाज कानाला लगेच गोड वाटतो, त्या मोहात पडू नका.

पहिल्या तंबोऱ्याचा पंचम छेडा. दुसऱ्या तारेची घाई नको. बोटाचा आघात विरू द्या, मागे काय उरतंय ते ऐका. मग जोड. आणि मग खर्ज.

खर्जाच्या पितळी तारेवर थांबा. हळूहळू तिच्यातून गंधार वर येईल. एकही तार गंधाराला लावलेली नाही, तरी तो येतो. मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा हा स्वर, गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. आज ऐकू आला नाही तरी चालेल. श्वास सोडा, पुन्हा छेडा.

आता डोळे उघडा आणि घोडीकडे बघा. माथा सपाट दिसतो, पण किंचित उतरता आहे. माथ्याचा हा घाट म्हणजेच जवारी. कंपणारी तार त्याला निसटती टेकते, आणि नेमकी कुठे टेकायची ते खालचा सुती दोरा ठरवतो. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली याच घोडीवर लिहिलं: छेडण्याच्या जागेमुळे जे उपस्वर नियमाने उमटायलाच नकोत, तेही इथे उमटतात. हा माथा मिरजेचा कारागीर कानशीने घासत, मधूनमधून तार छेडून ऐकत आणतो. हे कारागीर शिकलगार घराण्यांतले. पूर्वी त्यांच्या हाताखाली तलवारीची धार होती. त्यांच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं.

दुसरा तंबोरा घ्या. याची जवारी गोल. पहिल्याची खुली होती. पहिल्यात गंधार चमकून पुढे आला, इथे तो खर्जाच्या कुशीत राहतो. कमीजास्त ठरवू नका, फक्त जागा ओळखा.

घरात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारं कुणी असेल तर त्यालाही शेजारी बसवा. 1955 साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी गिटारच्या पिकअपमध्ये दोन वेटोळी अशी उलटसुलट जोडली की विजेची घरघर परस्परांत विरली आणि तारेचा आवाज तेवढा राहिला. हाच हंबकर पिकअप. तो गिटारच्या घोडीजवळ बसवला तर सूर धारदार येतो, मानेजवळ बसवला तर गोल. हा फरक रोज ऐकणाऱ्याला खुली आणि गोल जवारी समजावून सांगावी लागत नाही.

आता दोन्ही तंबोरे खाली ठेवा. निवड आज नको. उद्या पहाटे षड्ज लावा, आणि ज्या तंबोऱ्यात तुमचा आवाज आपोआप मिसळेल तोच घरी न्या.