सांगावे की झाकावे?

तान्हेपणी सुरू होणाऱ्या ‘ड्रॅव्हे’ या अतितीव्र अपस्माराचे मूळ बेल्जियममधील संशोधकांना २००१ साली एससीएन१ए या जनुकात सापडले. हा बदल बहुतेक बालकांत नव्यानेच घडलेला असतो, आईबापांकडून आलेला नसतो. जन्मांधाला पाहून शिष्यांना पडलेला पापाचा प्रश्न अशा घरांच्या उंबरठ्यावर आजही कुजबुजला जातो. या व्याधीपुरते तरी त्याला उत्तर मिळाले.

परंतु ही मुले कधीकधी झोपेतच अकस्मात दगावतात. असाच जनुकदोष असलेल्या उंदरांत झटक्यानंतर श्वासाची व हृदयाची लय बिघडताना दिसली आहे. हे धोक्याचे ज्ञान वैद्याने मातेला द्यावे काय? झाकणे हीच दया, असे पुष्कळ सज्जन मानतात. मला ते पटत नाही. जिला ठाऊक आहे ती रात्रीच्या झटक्यांवर लक्ष ठेवील, औषध चुकू देणार नाही. त्याने मरण टळेलच असे नाही. पण जिला सांगितलेच नाही, ती पुढे जन्मभर ‘मला झोप कशी लागली?’ म्हणत स्वतःलाच दोषी धरील. मात्र हे दवाखान्याच्या दारात घाईने सांगू नये. बापालाही शेजारी बसवून, वेळ काढून सांगावे.