हवेचं वजन

बसा. जिथे आहात तिथेच.

पाठ टेकली तरी चालेल. डोळे मिटायची घाई नको.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

आता समोर एक रान येऊ द्या. लातूर जिल्हा, निलंगा तालुका. मे महिना, भर दुपार. रान नांगरून पडलं आहे. काळी ढेकळं. बांधावर एकच लिंब.

ढेकळांच्या वर हवा हलते आहे. वाकडी होते, सरळ होते. पलीकडचा विजेचा खांब तिच्यातून थरथरताना दिसतो.

त्या हवेकडे पाहा. खांबाकडे नको, लिंबाकडे नको. मधल्या हवेकडे.

पाहत राहा.

एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा एक ठोकळा मनात आखा. त्यात मावते तेवढीच हवा घ्या. समुद्रकाठी, 15 अंशांच्या गारव्यात, तिचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं. या रानावर, 42 अंशांच्या उन्हात, तीच एक किलोच्या जराशी वर.

दोनेकशे ग्रॅम हवा नाहीशी झाली आहे. तुमच्या श्वासाला ते कळत नाही. माझ्याही नाही.

यंत्राला कळतं.

विहिरीत पोहणारा पाणी मागे सारतो, म्हणून पुढे जातो. हेलिकॉप्टरचं पातं हवा खाली सारतं, म्हणून वर उठतं. सारायला हवाच विरळ असली, की पात्याच्या हाती कमी लागतं. इंजिनही तीच विरळ हवा ओढतं आणि त्याचाही जोर उतरतो.

इथे जरा थांबू. श्वास आत. श्वास बाहेर.

25 मे 2017. निलंगा. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन सिकोर्स्की बनावटीचं सरकारी हेलिकॉप्टर जमीन सोडतं. थोडंसंच वर जातं. हवी ती उंची मिळण्याआधीच ते खाली यायला लागतं, विजेच्या तारांत सापडतं आणि पडतं. आतले सगळे जिवंत बाहेर येतात.

मन आता बोट दाखवायला धावेल. पायलटकडे, अधिकाऱ्यांकडे, आणखी कुणाकडे. धावू द्या. दमलं की परत येईल.

विमान अपघातांचा तपास जगभर ज्या नियमावलीने चालतो, तिच्यात तपासाचा हेतू एकच लिहिला आहे: पुढचा अपघात टाळणं. दोष कुणाचा, हे ठरवणं त्या तपासाचं काम नव्हे. भारतात 2012 पासून विमान अपघात तपास ब्युरो आहे, तोही याच रीतीने चालतो. मला ही रीत फार आवडते. पाहणाऱ्याला ती मोकळं ठेवते.

तसंच मोकळं होऊन पुन्हा त्या रानाकडे पाहा. पायलटच्या खुर्चीत आता तुम्ही आहात. दिवस वेगळा आहे, यंत्र वेगळं आहे. हवा तीच.

पाती फिरताहेत. धुरळा उठतो आहे. तुम्ही हात अलगद उचलता आणि यंत्र जमीन सोडतं.

दोन फूट. पाच फूट.

उठलं! मन म्हणतं, जमलं.

या क्षणाशी थोडं जास्त थांबू या, कारण फसवणूक इथेच आहे. पात्याने खाली सारलेली हवा जमिनीवर आपटते, आणि जमिनीलगत असेपर्यंत यंत्राला त्याचा आधार मिळतो. साधारण पात्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत. निलंग्यातल्या त्या जातीच्या हेलिकॉप्टरच्या पात्यांचा व्यास 44 फूट असतो. त्याच्या वर हा आधार संपतो आणि तेवढंच वजन पेलायला जास्त ताकद लागते.

पाच फुटांवर मिळालेला होकार पन्नास फुटांवर खरा ठरेलच, असं नाही.

हे वाक्य मनात राहू द्या. घाई नाही.

आता खाली या. पाती थांबू द्या. धुरळा बसू द्या.

मांडीवर एक कागद घ्या. हिशेब सोपा आहे. एकेक आकडा एकेका श्वासाबरोबर घ्या.

हा माळ समुद्रसपाटीपासून दोनेक हजार फूट उंच.

या उंचीवर, यंत्र बनवणाऱ्याच्या तक्त्यात, हवा 11 अंश धरलेली असते.

बाहेर 42 अंश. म्हणजे 31 अंश जास्त.

प्रत्येक जास्त अंशाला यंत्राला वाटणारी उंची साधारण 120 फुटांनी वाढते. 31 अंशांचे 3,720.

त्यात जमिनीचे 2,000 मिळवा. 5,720.

कळसूबाई 5,400 फूट. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तुम्ही निलंग्याच्या सपाट रानात बसला आहात, आणि यंत्राला वाटतं आहे की ते कळसूबाईच्याही वर आहे. (आपल्याला तिथे दम लागतो तो शिड्या चढून. यंत्राला न चढताच लागतो.)

तो आकडा पाहा. त्याच्याशी भांडू नका.

थोडं नांदेडकडे वळू. गोदाकाठची धावपट्टी. निलंग्याहून सखल, साडेबाराशे फुटांच्या आसपास. डिसेंबरातली पहाट, 12 अंश. छोट्या विमानाला ही धावपट्टी जवळजवळ आहे तेवढ्याच उंचीवर वाटते. मे महिन्यात, 44 अंशांच्या दुपारी, तीच पाच हजार फुटांवर गेलेली असते. विमान जास्त लांब धावतं आणि सावकाश चढतं. दुपारी जे धोक्याचं, ते पहाटे सहज होतं. काही वेळा सगळा निर्णय घड्याळात असतो.

श्वास आत. श्वास बाहेर.

परत त्या खुर्चीत बसा. आता ऐका.

बाहेर गर्दी आहे. पुढच्या गावी, लातूरला, मंडप घातला आहे, माणसं सकाळपासून उन्हात बसली आहेत. मागच्या सीटवरचा मोठा माणूस एकदा घड्याळ पाहतो. बोलत काही नाही. त्याला बोलावंही लागत नाही.

हे ओझं कुठल्या तक्त्यात भरायचं? त्याला रकाना नाही. पण ते आहे. छातीत कुठे बसलं आहे, शोधा. खांद्यात? गळ्यात? हात ठेवा तिथे.

'सकाळी तर उतरलोच होतो,' असं आतून कुणी म्हणेल. म्हणू द्या. सकाळी हवा गार होती.

'इतक्यांदा झालंय.' तेही ऐका. तेव्हा सीट किती भरल्या होत्या, एवढंच हळूच विचारा.

मग कागदाकडे पाहा. 5,720. या हवेत यंत्र किती वजन घेऊन उठेल, ते तक्त्यात शोधा. टाकीतलं इंधन मोजा. माणसं मोजा, बॅगा मोजा. तारा कुठे आहेत, वारा कुठून येतो आहे, तेही पाहा. आकडा बसत नाही. पुन्हा मोजा. बसत नाही.

लातूर इथून गाडीने फार तर दीड तास.

गळा थोडा सैल करा. मागे वळा. आवाज चढवायचं कारण नाही.

'सर, दोघांना गाडीने यावं लागेल.'