रिपोर्ट नॉर्मल आल्यावर

२०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, धायरी, किरकटवाडी, नांदेड या पट्ट्यात, माणसांच्या पायांतलं बळ जाऊ लागलं. आधी जुलाब, मग तळपायांना मुंग्या, मग जिना चढवेना. काहींना तर श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) हे नाव महिनाभरात घराघरांत पोचलं. पाण्याचे नमुने तपासले गेले, केंद्राचं पथक आलं, संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. त्या दिवसांत पायाला मुंग्या येतात म्हणणाऱ्या माणसाला ‘हे तुझ्या मनाचे खेळ’ असं म्हणायला कुणी धजावलं नसतं. पण हीच तक्रार घेऊन एखादी बाई साथ नसलेल्या साध्या महिन्यात एकटीच दवाखान्यात गेली, आणि रक्त, एमआरआय सगळं नॉर्मल आलं, तर तिच्या वाट्याला काय येतं? दवाखान्यात ‘टेन्शन घेऊ नका’, सासरी ‘कामाचा कंटाळा’, गावाकडे ‘बाहेरचं काही आहे का ते एकदा बघून घ्या’. म्हणजे आपण दुखण्यावर विश्वास ठेवतो तो दुखणाऱ्यांची संख्या मोजून किंवा कागदावरचं नाव वाचून. माझं म्हणणं एवढंच आहे की आजाराचं नाव सापडेपर्यंत आजारी माणसावरचा विश्वास अडवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, ना घरच्यांना, ना डॉक्टरांना, ना कचेरीतल्या साहेबांना.

मज्जासंस्थेचे आजार लगेच ओळखू येत नाहीत, यात दरवेळी कुणाचा हलगर्जीपणा असतो असं नाही. कित्येकदा आजाराची जातच तशी असते. जीबीएसमध्ये पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली दिसतात, पण पहिल्या आठवड्यात ती तपासणी नॉर्मल येऊ शकते. मायस्थेनिया ग्रॅव्हिसमध्ये स्नायू वापरले की थकतात आणि विसावा मिळाला की सावरतात. संध्याकाळी ज्याची पापणी उतरते आणि घास चावता चावता जबडा दमतो, तो माणूस सकाळी ओपीडीत डॉक्टरांसमोर धडधाकट दिसू शकतो. मल्टिपल स्क्लेरोसिसचं तर निदानच काळावर उभं आहे. २००१ साली ठरलेल्या मॅकडोनाल्ड निकषांप्रमाणे मज्जासंस्थेत वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी इजा झाल्याचा पुरावा मागितला जाई. पुढे वाट पाहण्याचा काळ कमी व्हावा म्हणून हे निकष पुन्हा पुन्हा सुधारले गेले. तरीही डोळ्यापुढे अंधारी आली, महिन्याभरात नजर सुधारली, आणि हाताला बधिरपणा आला तो पुढच्या वर्षी, असं होऊ शकतं. मधल्या काळातल्या माणसाकडे सांगायला आजार असतो आणि दाखवायला काही नसतं. त्या वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य खरंच असतं. पण ते एका तपासणीने एका दिवशी काय पाहिलं तेवढंच सांगतं. त्यावरून ‘तुला काही झालेलं नाही’ असा निवाडा देणं हे वैद्यकशास्त्र नव्हे, ती आपली घाई आहे.

या घाईचा इतिहास मोठा आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरने १८६८ साली मल्टिपल स्क्लेरोसिसचं सविस्तर वर्णन केलं, आणि त्याच रुग्णालयात त्याने हिस्टेरियाच्या बायकांचाही अभ्यास केला. त्या दोन गटांमधली रेघ पुढची शंभर वर्षं पुसट राहिली. इलियट स्लेटर या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने लंडनच्या नॅशनल हॉस्पिटलमध्ये हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्या ८५ रुग्णांचा काही वर्षांनी माग काढला आणि १९६५ साली निष्कर्ष छापले. त्यांतल्या अनेकांना पुढे मेंदूचा किंवा मज्जासंस्थेचा आजार निघाला होता, काही तोवर दगावले होते. त्याही नंतरचं उदाहरण घ्या. आपल्याच शरीराची प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करतात, असा एक मेंदूदाह असतो. बडबड, भास, झटके, विचित्र हालचाली अशी त्याची लक्षणं, आणि तरुण मुलींमध्ये तो जास्त आढळतो. त्यामागचं प्रतिपिंड ओळखून होसेप डालमाउ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली त्याला नाव दिलं. आजार त्यापूर्वीही असणारच. आपल्याकडे अशा मुलीला कुठे नेलं गेलं असेल याची कल्पना करवत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं हा महाराष्ट्रात स्वतंत्र गुन्हा ठरायला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा यावा लागला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप, आणि तो आकड्यांचाच आहे. स्लेटरचा काळ गेला. २००५ साली ब्रिटिश संशोधकांनी अशा अनेक पाहण्या एकत्र तपासल्या, तेव्हा चुकीच्या निदानाचं प्रमाण १९५०च्या दशकातल्या सुमारे २९ टक्क्यांवरून १९७०नंतर सुमारे ४ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. स्कॉटलंडमध्ये मेंदूविकाराच्या बाह्यरुग्ण विभागांतल्या, लक्षणांचा पुरता उलगडा न झालेल्या एक हजाराहून अधिक रुग्णांची सुमारे दीड वर्षाने विचारपूस झाली. ज्याने मूळ लक्षणांचा अनपेक्षित खुलासा व्हावा असा आजार निघाला तो केवळ चौघांना. म्हणजे चांगल्या तज्ज्ञाने नीट तपासून ‘गंभीर आजार दिसत नाही’ म्हटलं, तर ते बहुतेक वेळा बरोबर असतं. मग घरचे ‘उगाच चाललंय’ म्हणतात त्यात चूक काय? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, कारण माझा सगळा युक्तिवाद ‘आत काहीतरी लपलेलं असेल’ एवढ्यावरच उभा असता तर तो इथे कोसळला असता.

तो तसा उभा नाही. त्याच स्कॉटिश पाहणीतून हेही पुढे आलं की उलगडा न झालेल्या रुग्णांचं अपंगत्व आजार सापडलेल्यांपेक्षा कमी नव्हतं आणि मनाचा त्रास तर जास्तच होता. ट्यूमर नाही, गाठ नाही, नस तुटलेली नाही, म्हणून पाय चालू लागत नाही. यांतल्या अनेकांच्या त्रासाला आज फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात: मेंदूची रचना शाबूत, पण त्याचं काम बिघडलेलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून उरलंसुरलं निदान चिकटवायचं, असं हे नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निकषांत प्रत्यक्ष खुणांवर भर दिला गेला. १९०८ साली हूव्हर या डॉक्टरने सांगितलेली खूण अशीच आहे. दुबळा पाय बिछान्यावर खाली दाबायला सांगितला तर दाबला जात नाही. पण दुसरा पाय जोर लावून उचलायला सांगितला की तोच दुबळा पाय आपोआप खाली दाबला जातो. हे पाहून नातेवाईक म्हणतील, ‘बघा, सोंग उघडं पडलं.’ उलट, रस्ता शाबूत आहे आणि इच्छेने त्यावर चालता येत नाही, हेच ती खूण दाखवते. हाच पुरावा रुग्णाला शांतपणे समजावून सांगितला आणि जाणत्या फिजिओथेरपिस्टचे हात लाभले तर पुष्कळांना फायदा होतो. ज्याला आधीच खोटारडा ठरवलं, तो या समजावण्याला कान देईल कशाला?

सोंग करणारी माणसं नसतात असं मी म्हणत नाही. रजेसाठी, भरपाईसाठी क्वचित कुणी करतही असेल. पण दोन चुकांची तुलना करावी. सोंगाड्यावर विश्वास ठेवला तर चार दिवसांची रजा फुकट गेली. खऱ्या रुग्णावर अविश्वास दाखवला तर तो लक्षणं लपवायला शिकतो, डॉक्टर बदलत राहतो, आणि खरोखर धोक्याची खूण दिसते तेव्हाही हसं होईल म्हणून गप्प बसतो. विश्वास ठेवला की तपासण्यांना अंत राहणार नाही, ही भीतीही मला उलटी वाटते. कर्ज काढून तिसरा एमआरआय करणारा माणूस पुष्कळदा आजारापेक्षा साक्षीदार शोधत असतो. कुणीतरी पहिल्याच भेटीत नीट ऐकून घेतलं असतं तर तिसऱ्या मशीनची गरज त्याला कदाचित भासली नसती. तपासणी किती करायची हा वैद्यकाचा निर्णय, आणि ‘आता पुरे’ म्हणणं हा कधी कधी त्यातला सर्वांत चांगला निर्णय असतो. ऐकून घेण्याला मात्र अशी मर्यादा नसते.

विश्वास मिळाला की रुग्णाकडेही काही जबाबदारी येते. पाच डॉक्टरांकडे पाच फायली ठेवण्यापेक्षा एकाकडे सलग जाणं, त्रास कधी, किती वेळ, कशाने वाढतो हे वहीत टिपून ठेवणं, झटका आला तर घरच्यांकरवी मोबाइलवर चित्रण करून घेणं. तोंड अचानक वाकडं झालं, बोबडी वळली, एका बाजूचं बळ गेलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठायचं. आणि अवघड असलं तरी, मनात धरलेल्या एकाच नावाला घट्ट चिकटून बसायचं नाही. नाव मिळणं हाही निव्वळ लाभ नसतो. हिंदू विवाह कायद्यात फेफरं ही १९९९पर्यंत लग्नाची आडकाठी होती. त्या एका शब्दाच्या धास्तीने कितीतरी घरांनी निदानाकडेच पाठ फिरवली असेल.

उरतो प्रश्न कागदांचा, आणि तिथे आपली व्यवस्था आजही नावावर अडते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स आणि इतर दीर्घकालीन मज्जासंस्थेचे विकार एकवीस प्रकारांत सामावून घेतले, ही मोठी गोष्ट झाली. पण त्या दारापाशी पोचायला आधी निदान हाती असावं लागतं, आणि ते मिळेपर्यंतची वर्षं माणूस कुठल्याच यादीत नसतो. खरं तर शाळेला किंवा कचेरीला आजाराचं नाव कळण्याची गरजच नाही. ‘उजव्या पायात अशक्तपणा, तपासण्या चालू आहेत, तीन महिने जिने टाळावेत’ एवढं लेटरहेडवर लिहायला डॉक्टरांना कुठल्या रिपोर्टची वाट पाहावी लागत नाही, आणि ते वाचून तळमजल्यावरचं टेबल द्यायला साहेबांनाही नाही.