रिकामी देवळी
देव मानायचं सोडल्यावर माणसाला काय वाटतं? सोडणारा सांगतो, मोकळं वाटतं. बघणाऱ्याला वाटतं, हा आतून पोरका झाला असणार. दोघांचंही खरं आहे. मात्र हे पोरकेपण देव गेल्यापेक्षा देवाभोवती जमणारी माणसं दुरावल्याचं असतं, आणि ही गोष्ट महाराष्ट्राच्या लक्षात यायला वेळ लागला. 1888 साली 'सुधारक' काढणाऱ्या आगरकरांसाठी देवधर्म हा बुद्धीच्या कसोटीचा प्रश्न होता: पटत नसेल तर सोडा, आणि सोडलंय हे उघड सांगा. सोडल्यानंतरच्या मनाकडे त्यांच्या लेखणीनं फारसं पाहिलं नाही. ते काम पुण्यातल्या सनातन्यांनी केलं, फार क्रूरपणे. आगरकरांची प्रेतयात्रा त्यांनी आगरकर जिवंत असतानाच काढली. वादाला वादानं उत्तर न देता 'तू आम्हाला मेलास' एवढंच त्यांनी सांगितलं. एकट्यानं श्रद्धा सोडणाऱ्याला हीच भीती आजही असते. सोवळं-ओवळं सुटल्याचं कुणाला दुःख होत नाही. आरतीच्या वेळी बाजूला उभं राहावं लागतं, बापाच्या दहाव्याला भाऊ नजर चुकवतात, ते लागतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी ही जखम ओळखली होती. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात धर्मांतराची घोषणा आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा, मध्ये एकवीस वर्षं गेली. यात नुसता अभ्यास नव्हता. लोकांनी एकेकट्यानं बाहेर पडू नये ही काळजीही मला त्यात दिसते. याच वाटेवर, मावळच्या वेशीवरच्या देहूरोडला, 25 डिसेंबर 1954 रोजी त्यांनी ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. महाडला मनुस्मृती जाळली त्याला त्या दिवशी बरोबर सत्तावीस वर्षं झाली होती, आणि तुकोबांचं देहू तिथून हाकेच्या अंतरावर. जुने देव सोडायला सांगण्याच्या दोन वर्षं आधी त्यांनी लोकांना एकत्र जमायची जागा दिली. दीक्षेनंतर घरोघरचे टाक नदीत, विहिरीत गेले. भिंतीतली देवळी रिकामी झाली, तरी दिव्याच्या काजळीचा काळा डाग काही लगेच गेला नाही. काही घरांत म्हातारीनं देवीचा टाक पेटीच्या तळाशी जपून ठेवला. नातवाला ताप आला की तिच्या पोटात गोळा यायचा: देवी कोपली तर? तिला ढोंगी म्हणणं अन्याय आहे. विचार एका दिवसात बदलतो, भय उतरायला एक पिढी जाते.

यावर कुणी म्हणेल, हे धर्म बदलणं झालं, श्रद्धा सोडणं नव्हे. पण दीक्षेच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्यापासून होते, आणि 1957 साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जगाच्या निर्मात्याला आणि आत्म्याला जागा नाही. वंदनेला हात जोडले जातात खरे, पण नवस नाही आणि कोपही नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पोकळी जाणवते, म्हणजे तिथं देव होताच. तसं असतं, तर एकट्यानं सोडणाऱ्याला आणि अख्ख्या वस्तीनं सोडणाऱ्याला पोकळी सारखीच जाणवली असती. पण वस्तीला विहार मिळाला, 14 एप्रिलची आंबेडकर जयंती मिळाली, लग्नाचा नवा विधी मिळाला. तिच्या वाट्याला अभिमान आला. शहरातल्या एकट्या नास्तिकाच्या वाट्याला बहुतेक वेळा गप्प बसणंच येतं. विवेकवादी चळवळीनं या माणसाच्या सणावाराचा, मर्तिकाचा विचार आणखी मनापासून करायला हवा.

देव बदलले तरी माणसांना जमायला जागा लागते, हे कार्ल्याच्या डोंगरावर समोरच दिसतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चैत्याच्या छताला तेव्हाच्या लाकडी कमानी अजून आहेत. भिक्खू केव्हाच गेले. त्याच चैत्याच्या दाराशी एकवीरा देवीचं देऊळ आहे, आणि चैत्राच्या यात्रेत आगरी-कोळी पालख्या घेऊन तीच चढण चढतात. तिकडे देहूरोडला दरवर्षी 25 डिसेंबरला पांढऱ्या कपड्यांतली माणसं जमतात, आज्यांच्या कडेवर नातवंडं असतात.